राहती शिडाची नौका सहा महिन्यांसाठी आवरताना

१ जून ही तारीख कोकणातल्या मच्छीमाराला कुणी सांगावी लागत नाही. त्या दिवसापासून दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद, आणि त्याआधीच होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगामही नेमका १ जूनलाच सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. हिवाळाभर कॅरिबियन बेटांमध्ये शिडाच्या नौकेवर संसार मांडलेली बरीच कुटुंबं मे महिन्यात ग्रेनाडा किंवा त्रिनिदाद गाठतात, नौका जमिनीवर चढवतात आणि विमानाने घरी जातात. हा लेख त्या शेवटच्या पाच-सहा आठवड्यांबद्दल आहे. डोळ्यासमोर चाळीसेक फुटांची, फायबरग्लासच्या एकाच सांगाड्याची (मोनोहल) नौका, आत बसवलेलं डिझेल इंजिन, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं धरली आहेत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. जाताना डोक्यात वादळ असतं, पण नोव्हेंबरात परतल्यावर जे समोर येतं ते बहुधा वादळाने केलेलं नसतं. गाद्यांवर बुरशी, कोरड्या पडलेल्या बॅटऱ्या, पानांनी बुजलेल्या मोरीमुळे तुंबलेलं कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची उघडी जागा, रव्यातून कपड्यांपर्यंत पोचलेले किडे. मच्छीमाराची होडी रिकामी असते. तुम्ही मात्र एक राहतं घर बंद करून ते भर पावसाळ्यात उन्हात उभं करून जाता आहात. म्हणून निम्मं काम बाहेरून बांधण्याचं आणि निम्मं आतून कोरडं करण्याचं, हे प्रमाण शेवटपर्यंत सोडू नका.

आधी कागदपत्रं

विम्याची पॉलिसी काढून नावाजलेल्या वादळाचं कलम नीट वाचा. 'नावाजलेलं' म्हणजे ज्याला हवामान खात्याने नाव दिलं आहे असं वादळ. बऱ्याच पॉलिसींमध्ये अक्षांशाची एक रेषा असते आणि १ जूनपूर्वी तिच्या दक्षिणेला पोचावं लागतं. ग्रेनाडा साधारण १२ अंश उत्तरेवर आहे, त्रिनिदाद साडेदहावर. ग्रेनाडा 'वादळपट्ट्याच्या खाली' आहे असं सर्रास म्हटलं जातं, पण ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन चक्रीवादळाने त्या बेटाची धूळधाण केली होती आणि १ जुलै २०२४ ला बेरिल त्याच देशाच्या कारियाकू बेटावर आदळलं. तेव्हा ग्रेनाडात ठेवणार असाल तर नौका जमिनीला पट्ट्यांनी बांधणं ऐच्छिक समजू नका. त्रिनिदादला जायचं तर ग्रेनाडापासून सुमारे ८० सागरी मैलांचा रात्रीचा प्रवास पकडा, आणि तो मुलांची झोप, हवामान आणि क्लिअरन्सच्या, म्हणजे देशात आल्या-गेल्याची नोंद करणाऱ्या, कचेऱ्यांच्या वेळा बघूनच ठरवा.

नौका जमिनीवर ठेवायच्या यार्डमधली जागा हिवाळी हंगामाच्या सुरुवातीलाच धरून ठेवावी लागते. दराआधी हे प्रश्न विचारा. जमीन काँक्रीटची, खडीची की मातीची? पट्टे बांधायला जमिनीत पुरलेले नांगर आहेत का, आणि ते भाड्यात धरले आहेत का? नौकेला दर बाजूला किती टेकू देतात? टेकूंवर चढल्यानंतर आत राहायला परवानगी आहे का, किती दिवस? मालक नसताना वीज चालू ठेवू देतात का? महिन्यातून एकदा कोण बघून जाणार आणि फोटो पाठवणार का? शेवटच्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस पैसे देऊन नेमा.

आणखी एक कागद शेवटच्या दिवशी आठवतो आणि घाम फोडतो. तुम्ही देशात समुद्रमार्गे आलात, जाणार मात्र विमानाने. इमिग्रेशनच्या नोंदीत तुम्ही नौकेचे खलाशी आहात, त्यामुळे विमानतळावर जाण्याआधी त्यांच्या कचेरीत जाऊन ही नोंद बदलून घ्यावी लागते. नौका तात्पुरत्या आयातीवर देशात राहते, तिची मुदत कस्टम्सकडून लेखी घ्या. परत येताना एकेरी तिकीट असेल तर विमान कंपनी अडवू शकते. यार्डचं पत्र आणि नौकेच्या नोंदणीची प्रत जवळ असली की ही अडचण सुटते, म्हणून पत्र निघण्याआधीच घ्या, दोन प्रती.

तारखा उलट मोजत लावा. विमान आणि नौका वर काढण्याचा दिवस यांच्यात किमान सात दिवस हवेत. मुलं बरोबर असतील तर दहाच्या वर नकोत. वर काढण्याआधीचे चार-पाच दिवस स्वच्छ पाण्याच्या खाडीत नांगरून काढा, कारण काही कामं पाण्यातच नीट होतात.

फडताळं रिकामी करणं

शेवटच्या महिन्यात नवं काही भरू नका, आहे ते संपवा. आठवड्याचा बेत धान्य बघून ठरवायचा, इच्छा बघून नाही. रवा, कणीक, पोहे, तांदूळ आणि सगळ्या डाळी एक तर संपवायच्या, नाही तर शेजारच्या नौकेला द्यायच्या. डबा कितीही घट्ट असो, पोरकिड्यांची अंडी धान्याबरोबरच आलेली असतात आणि बंद केबिनमधल्या उन्हाळ्यात त्यांना हवं तसं हवामान मिळतं. पापड, सुका मेवा, मसाल्यांची पाकिटं, मुलांची बिस्किटं हेही त्याच यादीत. घरून आणलेला गोडा मसाला मागे ठेवून जाण्याचा मोह होतो. ठेवू नका, सहा महिन्यांनी त्याला वासही राहत नाही.

मागे राहू शकतं ते मीठ, व्हिनेगर आणि पत्र्याचे थोडे डबे. डब्यांवरचे कागद काढून मार्करने झाकणावर नाव-तारीख लिहा, आणि डबे बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या खोलगट भागात, ठेवू नका. तिथे ओल साचते, पत्रा गंजतो आणि फुटलेल्या डब्याचा वास लाकडात मुरतो. पुठ्ठ्याची खोकी एकही नको. झुरळं त्याच्या घड्यांत अंडी घालतात.

फ्रिज शेवटच्या तीन दिवसांत बंद. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून आतून पुसा, तळाचं पाणी स्पंजने टिपा आणि झाकणात गुंडाळलेला पंचा अडकवून ते उघडं राहील असं करा. झाकण मिटून राहिलेला फ्रिज परतल्यावर चार दिवस घासूनही धड होत नाही.

शिडं

शिडं पाण्यात असतानाच उतरवा, तीही पहाटे. व्यापारी वारे उजाडताना बहुधा थोडे पडलेले असतात, आठ-नऊनंतर पुन्हा धरतात. नांगरावर नौका आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, तसं टेकूंवर होत नाही आणि तिथे आडव्या वाऱ्यात शीड उलगडणं धोक्याचं असतं.

पुढचं गुंडाळतं शीड आधी काढा. ते गुंडाळून, दोरीने करकचून बांधून ठेवलं तर चालेल असं वाटतं, पण मोठ्या वादळात वारा एक कोपरा शोधतोच. तिथून शीड सुटलं की ते फडफडून डोलकाठी हलवतं, टेकूंवरची नौका त्याने पडू शकते आणि शेजारच्या दोन घेऊन पडते. म्हणून ते काढायचंच, इथे सवलत नाही. एक मोठा माणूस डोलकाठीपाशी हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायची दोरी, हळूहळू सोडेल आणि दुसरा नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाशी, शीड ओढून घेईल. दहा-बारा वर्षांचं मूल दोरीची शेपटी धरू शकतं. त्याहून लहान मूल आतच बरं.

उतरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि मगच घडी घाला. वाळवताना शिवण तपासा. शिडाला उन्हापासून वाचवणारी पट्टी जिथे शिवलेली आहे तिथल्या दोऱ्यावर नखाने ओरखडा काढा. दोरा तुटला तर पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने जळला आहे आणि अख्खी पट्टी नव्याने शिवावी लागेल. हे काम आत्ताच शिडवाल्याकडे द्या. नोव्हेंबरात त्याच्याकडे रांग असते. मुख्य शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या (बॅटन) काढून त्यांवर वरून खाली १, २, ३ असे आकडे घाला. ज्याने लावल्या त्यालाही क्रम लक्षात राहत नाही.

हॅलयार्डच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरची पातळ दोरी शिवून ती डोलकाठीच्या आत ओढून घ्या आणि मूळ दोरी धुऊन पिशवीत भरा. ऊन सहा महिने पातळ दोरीनेच सोसू दे. टोकं काठीपासून दूर ताणून बांधा, नाही तर वाऱ्यात टकटक वाजून शेजाऱ्यांच्या शिव्या मिळतात आणि काठीचा रंगही उडतो.

बिमिनी (सावलीचं कापडी छत), डॉजर (तुषार अडवणारा कापडी आडोसा), बाजूची कापडं, लाइफबॉय, बार्बेक्यू, जास्तीचे जेरीकॅन, सौरपट्ट्या: जे वर आहे आणि वेल्ड केलेलं नाही ते खाली. सौरपट्ट्या सोडवताना क्रम चुकवू नका. आधी पट्टीकडून येणारी तार सोडवा, मग कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारं यंत्र, बॅटरीपासून. उलट केलं तर पट्टीचा पूर्ण दाब बॅटरीविना कंट्रोलरवर येतो आणि काही कंट्रोलर तिथेच जळतात. पवनचक्की असेल तर पाती उतरवा.

पाण्याची तीन कामं

पहिलं, खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र. त्याचं पटल, म्हणजे मीठ गाळणारा पातळ पडदा, ओलं राहिलं पाहिजे, पण नुसत्या पाण्यात जिवाणू वाढतात, म्हणून ते औषधाच्या द्रावणात 'मुरवून' ठेवतात. स्वच्छ खाडीत असतानाच टाक्या भरून घ्या आणि त्यानंतर हे काम करा. यार्डच्या धक्क्याजवळच्या पाण्यात तेलाचा तवंग असतो, तो पटलाला मारक. आधी स्वतःच्याच यंत्राच्या गोड्या पाण्याने दाब न देता धुवा. धक्क्यावरचं नळाचं पाणी वापरू नका, त्यातलं क्लोरीन पटल खाऊन टाकतं. वापरावंच लागलं तर मध्ये कोळशाची गाळणी हवी. मग उत्पादकाने सांगितलेलं द्रावण, बहुधा सोडियम मेटाबायसल्फाइट, काही यंत्रांना प्रॉपिलीन ग्लायकॉल, दाब न देता दहा-पंधरा मिनिटं फिरवा. कोणतं, किती आणि किती महिने टिकतं हे पुस्तिकेत असतं. एका कंपनीचं औषध दुसऱ्याच्या यंत्रात घालू नका. झाल्यावर यंत्राच्या बटणावर चिकटपट्टी लावा: 'मुरवलेलं आहे, चालू करू नये', आणि तारीख.

दुसरं, पिण्याच्या टाक्या. काही जण क्लोरीन घालून भरून ठेवतात. आमचं मत रिकाम्या करण्याच्या बाजूचं: तळापर्यंत उपसा, झाकण उघडं ठेवा, त्यावर बारीक जाळी. नळ उघडे ठेवा, पंपाची वीज बंद करा. परतल्यावर निर्जंतुक करायचं माप इथेच लिहून ठेवा. पाच टक्के तीव्रतेचं बिनवासाचं ब्लीच, दर लिटर पाण्याला एक मिलिलिटर, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला २०० मिलिलिटर. चार तास ठेवून सगळं काढून टाका, दोनदा धुवा. हे पाणी यंत्राच्या धुण्याच्या नळीकडे जाता कामा नये.

तिसरं, संडास. समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून नळ्यांमध्ये चुन्यासारखा थर धरतो. पाण्यात असतानाच, स्थानिक नियम पाळून, मैल्याची टाकी रिकामी करा, दोनदा गोड्या पाण्याने धुवा. मग लिटरभर व्हिनेगर ओढून रात्रभर नळीत राहू द्या आणि सकाळी पुन्हा गोडं पाणी. पंपाच्या तोंडातली रबरी झडप जुनी असेल तर ती आत्ताच बदला. नळ्यांमध्ये खारं पाणी सोडून गेलात तर आतले सूक्ष्मजीव मरून कुजतात, आणि दार उघडल्यावर पहिला वास तोच येतो.

वर काढण्याचा दिवस

डिझेल आदल्या दिवशी भरून घ्या, टाकी जवळजवळ पूर्ण. रिकाम्या जागेत हवेतली ओल थेंब होऊन तळाशी बसते, आणि पाणी नि डिझेल यांच्या सीमेवर बुरशी वाढते. जंतुनाशक आधी घाला आणि मग भरा, म्हणजे ते ढवळलं जातं. मात्रा बाटलीवरचीच, 'थोडं जास्त' नको.

ट्रॅव्हलिफ्टच्या, म्हणजे नौका पट्ट्यांवर उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनच्या, माणसाला तुमच्या नौकेचा तळ दिसत नाही. पंखा, सुकाणू, कणा (तळाखालचा वजनदार भाग, कील) आणि वेगमापकाचा संवेदक कुठे आहेत हे दाखवणारं चित्र त्याला द्या, आणि पट्टे जिथे यायला हवेत तिथे डेकच्या कडेला रंगीत टेपने खुणा करा. मुलं आणि कुत्रं-मांजर नौकेवर नकोत. एका मोठ्याने त्यांच्याबरोबर धक्क्यावर थांबायचं. वर आली की तासाभरात तळ दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. तळाला चिकटलेले शंख ओले असताना खरवडता येतात, उन्हात वाळले की ते दगड होतात.

टेकू लागताना स्वतः उभे राहा. नौकेचं वजन कण्यावर, कण्याखाली ठोकळे. टेकू फक्त कलू देत नाहीत. चाळीस फुटांना दर बाजूला किमान तीन, वादळी भागात चार. प्रत्येक टेकूखाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा, नाही तर पावसाने भिजलेल्या मातीत एक पाय दोन इंच खचतो आणि भार दुसऱ्यावर जातो. समोरासमोरचे टेकू कण्याखालून साखळीने एकमेकांना बांधलेले असावेत, म्हणजे ते बाहेर सरकत नाहीत. जमिनीचे पट्टे पॉलिएस्टरचे हवेत. नायलॉन ताणतो आणि नौकेला उसळू देतो. टेकूला ताडपत्रीची दोरी कधीही बांधू नका. वारा ताडपत्री ओढतो, ताडपत्री टेकू ओढते. आणि टेकू हलवायचा असेल तर यार्डच्या माणसाला बोलवा, कितीही सोपं दिसलं तरी.

शिडीवरचा संसार

आता घर तीन मीटर वर आहे, मोरी आणि संडास वापरता येत नाही, खाली कुणी तरी नौकेच्या तळाचा तांबं मिसळलेला विषारी रंग घासतो आहे. त्या धुळीत अनवाणी पोरं नकोत, आणि खालच्या जमिनीवर बसून खेळणंही नको. शिडी वरच्या टोकाला कठड्याला दोरीने बांधलेली असली पाहिजे. दहा वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाशिवाय तिच्यावर नको, आणि सामान पाठीवर घेऊन कुणीच नको. सामान बादलीने दोरीवर चढ-उतर करा. पहिल्या दोन रात्रींनंतर जवळपास भाड्याची खोली घ्या. खर्च वाटतो, पण गाद्या-उशा धुऊन वाळवायच्या तर त्यांच्यावर कुणी झोपलेलं नसावं लागतं, आणि मुलं नौकेवर असताना ते होत नाही.

मुलांना एकेक झाकणाची पेटी द्या, तीस लिटरची. त्यात मावेल ते नौकेवर राहील, बाकी घरी किंवा कुणाला तरी. बंद केबिन उन्हात चाळिशीच्या वर सहज जाते, तेव्हा मेणाचे खडू, डिंक आणि सेल असलेली खेळणी पेटीत नकोत. सेल फुटून खेळणंही जातं आणि खालचं लाकूडही. शाळेची वह्या-पुस्तकं बरोबर न्या, ओल धरलेली पुस्तकं परत येत नाहीत. मोठ्या मुलाला एक खरं काम द्या: प्रत्येक फडताळ उघडून फोटो काढायचा आणि कागदावर काय कुठे आहे ते लिहायचं. पुढच्या हंगामात सगळ्यात जास्त उघडला जाणारा कागद हाच असतो.

इंजिन

हे जमिनीवर आल्यावर, कारण धक्क्यात शिरायला इंजिन लागलेलं असतं. गिअर कायम न्यूट्रल. पंख्याच्या दांड्याचं रबरी बेअरिंग पाण्यानेच गार राहतं, कोरडं फिरलं तर जळतं.

तेल आत्ता बदला, परतल्यावर नाही. वापरलेल्या तेलात जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, ते सहा महिने बेअरिंगवर बसून राहतं. इंजिन पंधरा मिनिटं गरम करून तेल आणि गाळणी बदला, मग पाच मिनिटं चालवून नवं तेल सगळीकडे जाऊ द्या. ही दोन्ही चालवणं खाली सांगितलेल्या बादलीच्या पाण्यावरच होऊ द्या, म्हणजे धुणंही त्यातच होतं.

सीकॉक, म्हणजे नौकेच्या तळातल्या भोकावरचा नळ, बंद करून खाऱ्या पाण्याची आत येणारी नळी काढा आणि वीस लिटरच्या बादलीत सोडा. बादलीत पाइपने गोडं पाणी भरत राहा, इंजिन स्वतः ओढेल. नळाचा पाइप थेट इंजिनाला जोडू नका. दाबाचं पाणी बंद इंजिनात शिरून एक्झॉस्टच्या डब्यातून उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि पुढच्या वेळी चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-तीन बादल्या झाल्या की शेवटच्या बादलीत प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गंजरोधक शीतक मिसळा. मागून रंगीत पाणी आलं की बंद करा. गोठण्याची भीती इथे नाही, पण गंजाची आहे.

नंतर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काढा, एकाच जागी दबून राहिला तर त्याची पाती वाकडी होतात. हीट एक्स्चेंजरचा जस्ताचा खुंट बघा, निम्मा उरला असेल तर बदला. पट्टा सैल करा. हवेच्या तोंडात आणि एक्झॉस्टमध्ये तेलकट फडकं कोंबा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: चावीला दोऱ्याने पुठ्ठा बांधा, 'इम्पेलर काढला आहे, फडकी दोन'. असा पुठ्ठा नसल्यामुळे बिघडलेली इंजिनं प्रत्येक यार्डात सापडतात.

छोट्या फुगवायच्या होडीचं बाहेरचं इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू द्या, मग कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढा. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरतंय. पेट्रोल कुणाला तरी देऊन टाका. होडी अर्धी हवा ठेवून उपडी करा आणि झाका. सरळ ठेवली तर पावसाने भरेल, आणि डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात.

ओल

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. नौकेवरची प्रत्येक गोष्ट त्या बरणीसारखी झालेली असते. गादीच्या कापडात, पडद्यात, दोऱ्यांत, लाकडावर खाऱ्या तुषारांचं मीठ बसलेलं असतं आणि ते हवेतली ओल ओढत राहतं. म्हणून बुरशीचं औषध शोधण्याआधी मीठ धुऊन काढा. उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी, पडदे, टॉवेल सगळं गोड्या पाण्यात धुऊन कडक वाळवा. नुसतं उन्हात टाकून खारं कापड वाळत नाही, संध्याकाळी ते पुन्हा ओलं लागतं.

मग भिंती, छत, फडताळांच्या आतल्या बाजू पुसा: निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी. चाळीस फुटांना पाच लिटर व्हिनेगर लागतंच. गाद्या काठावर उभ्या, भिंतीपासून हातभर दूर. सगळी फडताळं, खण आणि फळ्या उघड्या, बिल्जच्या फळ्याही. बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन स्पंजने कोरडा.

वीज ठेवू देत असतील तर आर्द्रता काढणारं यंत्र उत्तम, पण ते यांत्रिक बटणाचं हवं. वीज जाऊन आली की डिजिटल यंत्र अनेकदा बंदच राहतं. त्याची नळी स्वयंपाकाच्या मोरीत सोडा आणि त्या मोरीचा सीकॉक उघडा ठेवा. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी फारशी धरत नाही. वीज नसेल तर हवा खेळती ठेवणं एवढंच हातात उरतं. ओल शोषणाऱ्या खड्यांचे डबे भरतात आणि सांडतात, त्यांचं खारट पाणी धातू खातं, तेव्हा ठेवलेच तर मोरीत ठेवा. कडुलिंबाचा पाला कपड्यांत घालायची सवय असेल तर पूर्ण सुकलेलाच घाला. ओल्या पाल्यालाच आधी बुरशी येते.

पावसाचं पाणी आत येतंच, विशेषतः डोलकाठी डेकमधून आरपार कण्यापर्यंत जात असेल तर. बिल्जपंपावर विसंबू नका, तो बॅटरीवर आहे. वेगमापकाचा संवेदक काढून त्या भोकाला बाहेरून जाळी लावा, आत आलेलं पाणी आपोआप खाली गळेल. कॉकपिटच्या मोऱ्यांत बादलीभर पाणी ओतून बघा, अडखळत जात असेल तर आत्ताच साफ करा. या मोऱ्यांना आतून जाळी लावू नका, दोन पानं अडकली की कॉकपिटची टाकी होते आणि पाणी इंजिनच्या चावीच्या पॅनेलमधून आत उतरतं.

बाकीच्या सगळ्या भोकांना, गॅसच्या, टाक्यांच्या, एक्झॉस्टच्या, बारीक स्टीलची जाळी. कुंभारीण माशी मातीचं घर करायला अशीच जागा शोधते, आणि टाकीची हवेची नळी बुजली तर टाकी भरताना कळतं. झुरळांसाठी आपली जुनीच कृती: बोरिक पावडर, कणीक, साखर सारख्या प्रमाणात, थोड्या पाण्यात मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या. मुलं गेल्यावरच ठेवायच्या, कुठे ठेवल्या ते यादीत लिहायचं.

बॅटऱ्या आणि सुरक्षेची साधनं

शिशाच्या बॅटऱ्या पूर्ण भरून, द्रवाच्या असतील तर डिस्टिल्ड पाणी घालून, तारा सोडवून ठेवा. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. त्या स्वतःहून रिकाम्या होत जातात, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून दोन महिन्यांतून एकदा कुणीतरी चार्ज करावा, किंवा डेकवर घट्ट स्क्रूने बसवलेली छोटी सौरपट्टी कंट्रोलरमार्फत जोडून ठेवावी. लिथियम उलट: ५० ते ६० टक्के भरलेली, आणि तार टर्मिनलपासूनच काढलेली. नुसता स्विच बंद केला तर बॅटरीचा स्वतःचा नियंत्रक आणि मापक थेंब-थेंब वीज पीत राहतात.

आपत्कालीन संदेशयंत्र केबिनमध्ये, कोरड्या जागी, पण त्याच्या कंसातच, म्हणजे ते अडकवायच्या ब्रॅकेटमध्येच, राहू द्या. अनेक यंत्रं कंसातून काढली आणि भिजली की आपोआप चालू होतात. मग बचाव केंद्राचा फोन तुम्हाला घरी येतो. फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधला वायूचा नळकांडा सैल करा आणि आपोआप फुगवणारी मिठाची गोळी काढा, ओलीने ती विरघळते. जॅकेट तोंडाने फुगवून एक रात्र ठेवा. सकाळी मऊ पडलं असेल तर ते आता बदलायचं. नळकांडे आणि फ्लेअर्स (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या मशाली) विमानात नेण्याचा विचार करू नका. गॅसचा सिलिंडर सोडवून ठेवा.

निघण्याचा दिवस

संध्याकाळचं विमान असलं तरी नौका आदल्या दुपारी पूर्ण बंद झालेली असावी. सकाळ फक्त राहून गेलेल्यासाठी. आत एक फेरी: सगळे सीकॉक एकेक हात लावून बघा. कॉकपिटच्या मोऱ्यांचे आणि स्वयंपाकाच्या मोरीचा उघडे, बाकी बंद, आणि कोणता कसा आहे ते चार्टटेबलवरच्या कागदावर. मुख्य स्विच बंद. फडताळं उघडी, फ्रिज उघडा. हॅचना, म्हणजे छतातल्या झडपांना, बाहेरून पांढरं कापड. परतल्यावर लागणाऱ्या गोष्टींची यादी फोनमध्ये: इम्पेलर, दोन तेलगाळण्या, जस्त, रबरी झडप, तळाचा रंग. कागदावर राहिलेली यादी नौकेतच राहते आणि घरी सुट्या भागांच्या दुकानात काही आठवत नाही.

बाहेर एक फेरी: प्रत्येक टेकूला हात लावा, साखळ्या, पट्ट्यांच्या रॅचेट, जाळ्या. यार्डच्या माणसाला एक किल्ली, सीकॉकच्या कागदाचा फोटो आणि वादळाचा इशारा आला तर त्याने काय करायचं याच्या चार ओळी लेखी द्या. शेवटी शिडी खाली घ्या, जमिनीवर आडवी ठेवा आणि कण्याखालच्या ठोकळ्याला साखळी-कुलूप लावून बांधा.